पाटी माझी, शाबासकी धाकट्याची

मी बोलतोय, संगणकाच्या पोटातला एक तुकडा. लोखंडाचा नव्हे, लिहिलेल्या आज्ञांचा. सगळा संगणक ज्याच्या हुकमाने चालतो, त्या कर्नलमध्ये माझी जागा आहे. डिस्कवरचं काही वाचता आलं नाही की मला हाक येते. एरवी माझी कुणाला आठवणही नसते.

माझ्या शेजारीच धाकटा राहतो. डिस्कवरून एकदा वाचलेलं तो मेमरीत धरून ठेवतो आणि पुन्हा मागितलं की लगेच काढून देतो. लोक म्हणतात, "काय झटपट चालतं हो मशीन!" अडलेल्या डिस्कशी झटापट मी करायची आणि नाव व्हायचं या आयत्या बिळावरच्या नागोबाचं. हो, माझ्या पोटात दुखतं. लपवून काय करू?

मला लिहिणारी बाई चिकाटीची. ऑफिसातलं कुणी बिघडलेली डिस्क फेकायला निघालं की ती मागून घ्यायची, संगणकाला जोडायची आणि मला तिच्यावर सोडायची. "पुन्हा वाच. नाहीच जमलं तर तसं सांग, पण खोटं देऊ नकोस," हे तिने माझ्यात मुरवलं.

तिचे साहेब वैतागायचे. "अहो बाई, हा वाचत बसतो तोवर मशीन अडकतं. रिकामं पान द्या आणि पुढे चला."

"आणि तेच खरं समजून कुणी कामाला लागलं तर?"

साहेबांनी मला तसंच राहू दिलं. धाकट्याचे गोडवे मात्र थांबले नाहीत.

पुढे आम्ही भरतकामाच्या एका दुकानात आलो. दुकान नवरा-बायकोचं. नक्षी बायको संगणकावर काढायची, टाके भरतकामाचं मशीन घालायचं. नणंदेच्या लग्नाच्या पोशाखासाठी तिने एक वेल काढली होती. पुढचा भाग भरून झाला होता, पाठ कोरी होती आणि लग्न तोंडावर आलं होतं. वेल पडद्यावर उघडी होती, म्हणजे धाकट्याच्या हातात.

तिने बाहीची नक्षी मागितली आणि डिस्क कुरकुरली. मी पुन्हा वाचलं, परत परत वाचलं. पडद्यावरचं सगळं जागच्या जागी थांबलं.

"अगं, बंद करून चालू कर. नेहमीचंच आहे याचं," नवरा म्हणाला.

तिचं बोट बटणाकडे गेलं. बटण दाबलं की धाकट्याजवळचं सगळं पुसलं जातं. तेवढ्यात माझे ठरलेले प्रयत्न संपले आणि मी पडद्यावर पाटी झळकवली: डिस्क वाचता येत नाही.

"मिटव गं ती!"

"अहो, थांबा. वाचू तर द्या!"

तिने वाचली आणि आधी उघडी वेल पेनड्राइव्हवर उतरवून घेतली.

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाला आला. त्याने डिस्क तपासून मान हलवली. "वेल हिच्यावरूनही गेलीय, वहिनी. मेमरीत होती म्हणून वाचली, नाहीतर पाठ कोरीच राहिली असती."

नणंद तर त्या मेमरीला हात जोडायला निघाली! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बटणावरचं बोट थांबवलं कुणी, हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही.

आता नवी डिस्क आलीय. तिच्यावर आमची सगळ्यांची पुन्हा मांडणी झाली. ती अजून अडत नाही, म्हणून मी बसून असतो आणि रोज धाकट्याचं कौतुक ऐकतो. मलाही कौतुक हवंय, खोटं कशाला बोलू? तेवढं जमत नसेल, तर माझी पाटी मिटवण्याआधी एकदा वाचत चला. धाकट्याला फक्त 'घ्या' म्हणता येतं. 'नाही' म्हणून वाईट व्हायला या घरात मीच आहे.