दुलईसाठी लोकर

वहिनीच्या पत्राला मी उत्तर पाठवलं नाही, त्याला कारणं पुष्कळ होती. आधी चष्म्याची काडी मोडली. मग थंडी पडली, आणि थंडीत माझी बोटं वळत नाहीत. शिवाय जन्मभर छापखान्यात बसून दुसऱ्यांच्या मजकुरातल्या चुका काढलेल्या माणसाला स्वतःची एक ओळ लिहायची म्हटलं की घाम फुटतो. ही सगळी कारणं खरी होती. पण त्यांहून खरं कारण आतल्या खोलीत, दारामागच्या खुंटीवर लटकत होतं.

पत्र असं होतं :

‘भाऊजी, यांच्या जुन्या सदऱ्यांची दुलई करायला घेतली आहे. वरची बाजू जोडून झाली, अस्तर बेतलं, मध्ये कापूस पसरला. सगळीकडून टाके घालायचे तर डोळे साथ देत नाहीत. म्हणून वीतभर अंतरावर दाभणानं दोरा आरपार ओढून नुसत्या गाठी मारणार आहे. त्यासाठी यांचा मी विणलेला तपकिरी स्वेटर उसवावा असं मनात होतं, पण तो सापडत नाही. सगळ्या ट्रंका पालथ्या घातल्या. यांच्या आजारपणात रात्री बसायला यायची ती बाई घेऊन गेली असावी. परवा रस्त्यात दिसली, तर मी तोंड फिरवलं. जाऊ दे, तिलाही थंडी वाजतच असेल. तेव्हा तशाच रंगाचा दोरा तुम्ही निवडून पाठवा. तुम्हाला रंगातलं कळतं. दुलई टाचण्या टोचून यांच्याच पलंगावर पसरून ठेवली आहे.’

रंगातलं कळतं! एकदा तिच्या पडद्यांना मी ‘जांभळे नाहीत, वांग्याच्या सालीचे आहेत’ असं म्हणालो होतो. तेवढ्या भांडवलावर तिनं मला रंगातला जाणकार ठरवून टाकलं.

दादा गेला त्या दिवशी मी अंगावरच्या पातळ सदऱ्यानिशी धावत गेलो होतो. परत निघताना गारठा होता. खुंटीवर स्वेटर दिसला, घातला. रडत्या घरात कुणाला विचारणार? पोचल्यावर पाठवू म्हटलं. मग धुऊन पाठवू म्हटलं. मग धुतला तर दादाचा वास जाईल म्हणून धुतला नाही. मग हिवाळा आला आणि पुन्हा घातला. पुढच्या हिवाळ्यात कोपर फाटलं, तर राखाडी लोकरीनं रफू केलं. आपल्या वस्तूला करावं तसं.

पत्र आल्यावर मी बाहीच्या टोकाचा बोटभर धागा कापला, कागदात गुंडाळला आणि लोकरीच्या दुकानात गेलो. तशा रंगाचा दोरा पाठवला की काम भागेल, असा माझा हिशोब. दुकानदारीणबाईंनी धागा उजेडात धरला, मांडणीतून सात-आठ तपकिरी लड्या काढल्या आणि एकेक शेजारी ठेवून पाहिली.

“नाही हो आजोबा. हा धुऊन, उन्हात पडून, वापरून आलेला रंग आहे. नवा कुठून आणू?”

“जवळपासचा चालेल.”

“कशाला हवाय?”

“दुलईच्या गाठींना. वहिनीला हवाय.”

त्यांची नजर माझ्या मनगटावर गेली. कोटाच्या बाहीतून तपकिरी कड बाहेर डोकावत होती.

“अगंबाई! नमुना काय दाखवताय, अख्खा ऐवज तर अंगात घालून आलात!” असं म्हणून त्या मोकळेपणानं हसल्या. मीही हसलो. चोराला हसू आलं की ते कसं दिसतं, ते मला समोरच्या काचेत दिसलं.

जवळपासची एक लडी आणि एक चकचकीत सुती रीळ घेऊन घरी आलो. काहीतरी करतोय असं वाटावं म्हणून जुन्या उशीला दोन्हींच्या गाठी मारल्या आणि उशी बादलीत खळबळून काढली. चकचकीत दोऱ्याच्या गाठी सुटून आल्या. लोकरीच्या टिकल्या, पण त्यांनी पाण्यात रंग सोडला. उशी चहा सांडल्यासारखी झाली. बरं वाटलं. दोरा अजून मिळाला नाही, असं आता खरंच म्हणता येणार होतं.

तेवढ्यात पुतणीचा फोन आला.

“काका, दोरा पाठवताय की कातताय?”

“बघतोय गं. रंग जुळत नाही.”

“आईची कंबर धरलीय. पलंगावर दुलई पसरलेली, म्हणून ही बया सोफ्यावर झोपते. मी म्हटलं गुंडाळून ठेव, तर म्हणते कापूस सरकेल. वर तुमचीच बाजू घेते. ‘भाऊजी बारकाईनं बघत असतील, घाई करू नको.’”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“आणि काल ती बाई आली होती, बाबांजवळ बसायची ती. आई आजारी आहे असं ऐकून आली बिचारी. आईनं दारच उघडलं नाही. आत बसून रडली मात्र. काका? आहात ना?”

“आहे,” मी म्हणालो. तेवढं एकच खरं बोललो.

फोन ठेवला आणि स्वेटर उसवायला घेतला. खालच्या कडेपासून. अर्धी दुपार सुईनं कोरत बसलो, तरी धागा गुंताच होत गेला. मग लक्षात आलं, वहिनीनं विणायला सुरुवात केली ती कड ही. उसवायचं तर ती जिथं थांबली तिथून, गळ्यापासून. तिथली शेवटची गाठ सापडली आणि मग सरसर ओळींमागून ओळी निघायला लागल्या. खुर्चीच्या पाठीवर लोकर गुंडाळत गेलो. दादाचा गळा गेला, खांदे गेले. बाहीच्या कोपराशी धागा तुटला. तिथं माझं राखाडी रफू होतं. ते तुकडे फेकायला उचलले आणि परत लडीत खोवले.

कुरळ्या लोकरीची एक गाठ उशीला मारून पाहिली. ओढूनही सुटली नाही.

मग पत्र लिहिलं. खाडाखोड केली नाही, पुन्हा वाचलंही नाही.

‘वहिनी, स्वेटर त्या बाईनं नेला नाही. मी नेला, न विचारता, आणि दोन हिवाळे वापरला. तुमचं पत्र आलं तेव्हाही तो माझ्याच अंगात होता. आधी तिला घरी बोलवा आणि खरं काय ते सांगा. तुम्हाला जड जाणार असेल तर मी येऊन सांगतो. सोबत लोकर आहे. कुरळी आहे, पण गाठ धरते. राखाडी तुकडे माझ्या कोपराचे आहेत, नको असले तर टाकून द्या.’

टपाल कचेरीत खिडकीमागच्या माणसानं पुडकं दाबून पाहिलं.

“आत काय?”

“लोकर. आणि पत्र.”

“फुटणारं काही नाही ना?”

“नाही.”

त्यानं शिक्का मारला आणि पुडकं मागच्या पोत्यात टाकलं. मी पावती घेऊन बाहेर आलो. कोटात वारा शिरला, तशी बोटं सवयीनं मनगटाशी गेली, बाही खाली ओढायला.