बाबांच्या डोळ्यांची दुर्बीण

धाकटीने दुर्बिणीच्या उजव्या भिंगाखालची चिकटपट्टी नखाने पुन्हा एकदा घट्ट दाबली आणि मगच दुर्बीण गळ्यात अडकवली.

"झालं का तुझं?" गाडीला कुलूप लावत दादा म्हणाला. "तोवर पाखरं जेवून झोपतील."

तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. बाबा गेल्यानंतरचा हा पहिलाच हिवाळा. तरीही दरवर्षीसारखं खाडीकाठच्या या अभयारण्यात यायचंच, हा हट्ट तिचा. पट्टीही तिचीच. बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. उजव्या डोळ्याला भिंग लावून सगळा जन्म गेला आणि त्यांच्या दोन डोळ्यांचं आपसात पटेनासं झालं. त्या बिनसलेल्या जोडीसाठी त्यांनी दुर्बिणीच्या उजव्या भिंगाची, नजर जुळवायची कडी भलत्याच जागी आणून ठेवली होती. तिला कुणी बोट लावायचं नाही, अशी घरात सक्त ताकीद होती. ते गेले त्याच आठवड्यात धाकटीने कडीवर पट्टी चिकटवली. त्यांचे कपडे वाटले गेले, दुकान दुसऱ्या कुणीतरी घेतलं. नजर तेवढी जागच्या जागी राहिली होती.

ओहोटी होती. फळ्यांच्या वाटेवरून सगळे मचाणावर आले. समोर चिखल लांबवर चकाकत होता आणि त्यावर पांढरे, करडे ठिपके हलत होते. दरवर्षी आई इथे आली की डब्यांची पिशवी घेऊन थेट बाकावर बसायची. तिला पाखरांची आवड नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आज तिने पिशवी वहिनीच्या हातात दिली आणि कठड्याशी येऊन उभी राहिली.

"आण इकडे."

"काय?"

"दुर्बीण."

धाकटीला वाटलं, आईला आज बाबांच्या नजरेने बघायचंय. तिने दुर्बीण आपल्या हाताने आईच्या गळ्यात घातली. आईने ती डोळ्यांना लावली, लगेच खाली घेतली आणि पट्टीच्या कडेखाली नख घातलं.

"आई! पट्टी आहे ती."

"तेवढीच तर दिसतेय. बाकी हिच्यात नुसतं धुकं."

"बाबांनी लावून ठेवलंय ते."

"त्यांच्या डोळ्यांसाठी. माझे दोन्ही धड आहेत." आईचं नख पट्टीखालून हललं नाही. "लग्नानंतर पहिल्यांदा आणलं त्यांनी मला इथे. डोळे लावले, तर सगळं पिठात बुडवल्यासारखं. आणि हे शेजारी उड्या मारतायत, दिसला का, दिसला का! म्हटलं, दिसला. पुढच्या वर्षीपासून बाकावर बसले. दरवर्षी कोण खोटं बोलणार?"

दादा उगीचच खाकरला. "मला वाटायचं, मलाच चष्मा लागलाय."

"अहो, मग मला एवढी नावं सांगायचात ती?" वहिनीने विचारलं.

"अंदाजे."

वहिनीने पिशवीआड तोंड लपवलं. धाकटी हसली नाही. लहानपणापासून तिनेही त्या धुक्यालाच पक्षी मानलं होतं. बाबांना खेटून उभं राहायला मिळायचं. धूसर तर धूसर. तिने दुर्बिणीचा पट्टा मुठीत धरला.

"एकदा फिरवलीस की संपलं, आई. परत तिथेच नाही आणता येणार."

"पेनने खूण करून ठेवू या," दादा म्हणाला. "म्हणजे दोघींचंही..."

"खूणबिण काही नको," आई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "ते गेले म्हणून मी आंधळीच राहू का? रडायचं तेवढं रडलेय मी, तुमच्यासमोर नसेल. आता मला बघायचंय. सोड."

तिने पट्टा ओढला नाही. नुसती उभी राहिली. धाकटीची मूठ आपसूक सैल झाली.

पट्टी चर्रकन निघाली. कडी अडकली होती. आईने रुमाल गुंडाळून, बरणीचं झाकण उघडतात तसा तिला पीळ दिला आणि दुर्बीण डोळ्यांना लावली. थोडी पुढे, थोडी मागे, पुन्हा पुढे. मग बोटं थांबली.

"अगंबाई," ती म्हणाली.

चिखलात एक शेकाट्या लांब, काटकुळे पाय उचलत चालला होता. धाकटीला तो ठिपक्याएवढा दिसत होता.

"ह्याचा डोळा लाल आहे," आई म्हणाली. "आणि दर पावलाला पाय झटकतोय मेला. राहतो चिखलात आणि नखरे बघा!"

ती खळखळून हसली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा, आणि तेही दुर्बीण न हलवता.

"अजून काय करतोय?" धाकटीने न राहवून विचारलं.

"नाही सांगणार. इतकी वर्षं मी सांगितलेलंच ऐकलं. तुझी पाळी आली की बघ. आणि कडी तुझी तू फिरव. माझ्या नजरेला चिकटून बसू नकोस."

"मी गाडीत बसते."

तिला कुणी अडवलं नाही. आईने तर मानही वळवली नाही. धाकटी पायऱ्या उतरली, फळ्यांच्या वाटेवर थोडी चालली आणि थांबली. मागून दादाचा आवाज आला, "आई, आता मला दे ना." आई म्हणाली, "थांब, उडेल तो."

धाकटी परत वर आली. कठड्याशी दादा आईच्या अगदी लगत उभा होता. तिने कोपराने त्याला बाजूला सारलं.

"मागे हो," ती म्हणाली. "आईनंतर मी."