टोपीवाले माकड

लोककथांचे पाठ जमवणाऱ्या शालिग्रामशास्त्री यांनी आयुष्यात एकही खोटा संदर्भ दिला नव्हता आणि दुसऱ्याचा खोटा संदर्भ कधी पोटातही घातला नव्हता. म्हणून आरोपीचे वकील निंबाजीराव साक्ष मागायला धुळ्यात त्यांच्या ओटीवर येऊन बसले, तेव्हा शास्त्रीबोवांना प्रथम हसू आले.

आरोपी होता रुपचंद, धरणगावच्या कापसाच्या जिनिंग कारखान्यातला कारकून. त्याने एका मासिकात गोष्ट लिहिली होती. दोन भाऊ कपाशीच्या वाटणीवरून भांडतात. टोपीवाला मापाडी तराजू घेऊन न्याय करायला येतो आणि कधी या पारड्यातली, कधी त्या पारड्यातली मूठ उचलत सारी कपाशी आपल्याच गाडीत भरतो. अखेर भाऊ एक होऊन तराजू मोडतात. साल होते एकोणीसशे दहा. टोपीखाली कोण आहे हे सरकारने तत्काळ ओळखले आणि जळगावच्या कोर्टात राजद्रोहाचा खटला उभा राहिला.

शास्त्रीबोवांनीही ओळखले होते, पण निराळे. दोन मांजरी, लोण्याचा गोळा आणि न्यायी माकड! जुन्या कथेवर नवी उभारणे हा त्यांच्या लेखी गुन्हा नव्हता. थोर कवींचा तो नित्याचा धंदा. पण या गृहस्थाने वर ‘स्वतंत्र कथा’ असे छापले होते. गोष्टीवरच्या टीकेत शास्त्रीबोवांनी थंडपणे लिहिले होते, “मांजरींना पागोटी बांधल्याने चोरी झाकत नाही. शेवट तेवढा लेखकाचा स्वतःचा, आणि म्हणूनच बिघडलेला.”

“तुमची टीका हीच आमची ढाल,” निंबाजीराव म्हणाले. “गोष्ट चोरीची ठरली, की राजद्रोह मांजरींच्या माथी.”

“आणि शेवट? तराजू तिथेच मोडतो, वकीलसाहेब. तुमचा अशीलही तिथेच अडकतो.”

“तेवढं जरा सांभाळून...”

“म्हणजे खोटं?”

निंबाजीराव उपरणे झटकून उठले.

साक्षीचे समन्स मात्र आलेच. जळगावला जाताना शास्त्रीबोवा वाटेत उतरले आणि बैलगाडीने भडगावला गेले. जुन्या गोष्टीच्या एखाद्या पाठात मोडका तराजू सापडतो का, ते पाहायचे होते. गोष्टी सांगण्यात नाव असलेली भिकुबाई अंगणात शेंगा फोडत होती. तिने हात न थांबवता सगळी गोष्ट सांगितली.

“मंग मांजरीस्नी तराजू तोडी टाका. माकडनी टोपी गिरनाना पानीमा फेकी दिन्ही.”

शास्त्रीबोवांनी मान वर केली. त्यांनी जमवलेल्या एकाही पाठात माकड टोपी घालत नव्हते. “माकडाला टोपी कुणी घातली, भिकुबाई?”

“मी काय जानू, आबा? बठ्ठा अशीच सांगतस. आनि मांजरी काय उपाशीच मरतीन का? पोरं रडतस ना!”

शास्त्रीबोवांना उमगले. मासिक गावात कुणीतरी मोठ्याने वाचले होते. चोरीला गेलेली गोष्ट घरी परतली होती, आणि येताना चोराची टोपी घालून आली होती.

कोर्टात सरकारी वकिलांनी टीका वाचून दाखवली. “‘शेवट तेवढा लेखकाचा स्वतःचा’, हे आपलेच शब्द?”

रुपचंदने पिंजऱ्याचा कठडा घट्ट धरला.

“माझेच. तेव्हा माझा शोध अपुरा होता.” हे वाक्य शास्त्रीबोवांच्या तोंडून दाढ उपटावी तसे निघाले. “हा शेवट मी स्वतः भडगावात ऐकला. सांगणाऱ्या बाईला अक्षरओळख नाही. सगळे ही गोष्ट अशीच सांगतात, असे तिचे म्हणणे.”

“टोपीसुद्धा?” मॅजिस्ट्रेटने विचारले.

“टोपीसुद्धा.”

खसखस पिकली. शास्त्रीबोवांचा शब्द न् शब्द खरा होता, शेवट भडगावात कसा पोचला एवढेच ते बोलले नव्हते, आणि त्याच कारणाने त्यांना स्वतःचा विलक्षण राग आला होता. मांजरींवर खटला चालवण्याची तरतूद कायद्यात नाही, असे म्हणून मॅजिस्ट्रेटने आरोपीला सोडले.

बाहेर कडुनिंबाखाली रुपचंद त्यांच्या पायांवर कोसळला. त्याला रडू आणि हसू एकदमच येत होते. “शास्त्रीबोवा, पण तो शेवट माझाच होता हो!”

“होता. आता भडगावचा झाला. पुन्हा ‘स्वतंत्र’ छापाल, तर मी आहेच.”

“नाही छापत! माझी नव्हेच ती. कोणाचीही असू द्या!” रुपचंदने डोळे पुसले आणि तो घराच्या वाटेने अक्षरशः पळत सुटला.

धुळ्याच्या गाडीत शास्त्रीबोवांनी टीकेची दुरुस्ती मनात रचायला घेतली. उपाशी मांजरी आठवल्या, भिकुबाईची पोरे आठवली. मग ‘बिघडलेला’ हा शब्द त्यांनी काढून टाकला आणि खिडकीशी टेकून, कित्येक दिवसांनी, स्वस्थ डोळे मिटले.