काढून घेतलेलं हेल्मेट

टॅनर लव्हेट मैदानात ओकत होता आणि कडेला बसलेली बापमंडळी टाळ्या वाजवत होती.

पिकअप गाड्यांच्या मागच्या फळ्या पाडून त्यांवर ही मंडळी रोज सकाळ-संध्याकाळ ठाण मांडायची. सूर्यफुलाच्या बिया चावायच्या, टरफलं पुढ्यात थुंकायची आणि दुसऱ्यांच्या पोरांना बायल्या म्हणायचं, एवढाच उद्योग. ऑगस्टच्या उन्हात जो ओकला नाही त्याने सरावच केला नाही, असं ड्रायफोर्क गावात सगळेच मानत. नेल्डा कोव्हारला पोराच्या ओकारीचं काही वाटलं नाही. आयुष्यभर तिने तीच पुसली होती. तिला शिसारी आली ती त्या थुंकीने भिजलेल्या टरफलांची.

ओला टॉवेल घेऊन ती पांढऱ्या रेघेपाशी उभी राहिली. शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघातल्या पोरांचे घोटे बांधायचे, खरचटलेलं धुवायचं, पाणी भरायचं, ही तिची नोकरी. पण रेघेच्या आत फक्त कोच आणि खेळाडू. दुखलंखुपलं तर पोराने रेघेपर्यंत चालत यायचं, बाईने आत जायचं नाही. असं कुठे लिहिलेलं नव्हतं, तरी ती रीत आजवर कुणी मोडली नव्हती.

टॅनर आला तो तिरका चालत, पाण्याच्या पिंपाला धडकून. आत्ताच तो रिंगणातून बाहेर पडला होता. सगळ्या पोरांनी गोल धरायचा, एकाने मधे उभं राहायचं. त्या मधल्याला 'बैल' म्हणत. कोच एकेक नंबर पुकारतो, त्या नंबरचा पोरगा धावत येऊन बैलाला डोक्याने धडक देतो. पुकारलेला कोणत्या बाजूने येणार हे बैलाला ठाऊक नसतं. शेवटची धडक टॅनरला पाठीमागून बसली होती.

त्याने तोंड पुसून घेतलं आणि अगदी शहाण्यासारखं विचारलं, "आपण जिंकलो का, मिस नेल्डा?"

सामना कुठला? सराव चालू होता. तिने त्याच्या डोळ्यांत पाहिलं. एक बाहुली मोठी, एक लहान. तेवढ्यात त्याने पुन्हा तेच विचारलं, जणू पहिल्यांदाच विचारतोय.

नेल्डाने त्याच्या हनुवटीचा पट्टा सोडला आणि हेल्मेट काढून घेतलं. तिच्या धंद्यातली ही जुनी युक्ती होती. पोराला थांब म्हटलं तर ते थांबत नाही, कोचला सांगितलं तर तो ऐकत नाही, पण हेल्मेटशिवाय कुणालाही रिंगणात घेत नाहीत. म्हणून पोराशी वाद न घालता त्याचं डोकं तेवढं कुलपात ठेवायचं, असं ती स्वतःशीच म्हणायची. हेल्मेट तिने पट्ट्या बांधायच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात टाकलं. जादा हेल्मेटंही त्यातच होती. किल्ली ॲप्रनच्या खिशात गेली.

दुपारी कोच हॅगर्टी खोलीत आला. गोड बोलणारा, रविवारी चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसणारा माणूस. कधीकाळी त्याचेही घोटे नेल्डानेच बांधले होते. बसल्या बसल्या त्याने उन्हाची चौकशी केली, तिच्या गुडघ्यांची केली आणि मग हात पुढे केला.

"ते टॅनरचं हेल्मेट द्या."

"ते राहू दे माझ्याकडे."

"शनिवारी बचावफळीत मधे कोण उभं राहणार ते आज ठरायचंय. धडकेने पोराच्या डोक्यात जरा घंटा वाजलीये, एवढंच ना? आम्ही सगळे त्यातून गेलोय, मिस नेल्डा."

"ते दिसतंच आहे," नेल्डा म्हणाली.

तो हसला. त्याला ते लागलं नाही, आणि याचीच तिला जास्त चीड आली. तेव्हा डोक्याच्या माराचे कायदेकानू झाले नव्हते. कोचचा शब्द म्हणजे शब्द. तरी त्याने आवाज चढवला नाही. उठता उठता एवढंच म्हणाला, "बघू. रॉइसला फोन करतो. पोरगा शेवटी त्याचा आहे."

रॉइस लव्हेट म्हणजे टॅनरचा बाप. गावाचा एके काळचा बैल. त्याला रिंगणात कुणी पाडू शकलं नव्हतं, ही गोष्ट न्हाव्याच्या दुकानात अजून चघळली जायची. आता चाळिशीतच त्याला उजेड सोसत नसे. चर्चमध्येसुद्धा काळा चष्मा. वसंतात एकदा पेंडीच्या दुकानातून घरी जायचा रस्ता विसरून तो तिसऱ्याच गावाला पोचला होता. लोक म्हणाले, पिऊन होता. नेल्डाला पक्कं ठाऊक होतं की रॉइस थेंबालाही शिवत नाही. तसं तिने बोलूनही दाखवलं, पण गावाला दारूचंच कारण सोयीचं होतं. त्या मैदानाकडे बोट दाखवायला कोण तयार होणार?

ऊन कलल्यावर दुसरा सराव सुरू झाला. नेल्डा बाकावर बसून किल्ली चाचपत होती. रिंगण धरलं गेलं. लाल हेल्मेटांचा गोल, आणि मधे एक निराळंच डोकं. विटलेला तांबूस रंग, तोंडासमोर एकच दांडी. तसली हेल्मेटं संघात कुणी घालून कित्येक वर्षं झाली होती.

तिने ते ओळखलं. लव्हेटांच्या बैठकीतल्या काचेच्या कपाटात ते असायचं. दुसऱ्या संघांच्या हेल्मेटांचे रंग घासून त्यावर उमटलेले, निळे, हिरवे, पिवळे ओरखडे. तेच मोठेपण म्हणून रॉइसने ते कधी पुसू दिले नव्हते. बापाने स्वतःचं डोकं कपाटातून काढून पोराला घातलं होतं, आणि आता तो काळा चष्मा लावून, छाती काढून गाडीच्या फळीवर बसला होता.

"काय रे टॅनर, दुपट्यात गुंडाळून आणू का तुला?" कुणीतरी ओरडलं. बाकीचे खिदळले.

कोचने नंबर पुकारला. धडक बसली. टॅनर गुडघ्यांवर गेला, उठला, आणि ज्याने धडक दिली त्याच्याकडे पाठ करून उभा राहिला.

या माणसांचा, या मैदानाचा, या उन्हात वाळणाऱ्या घामाच्या वासाचा नेल्डाला असा काही वीट आला की दुखरे गुडघे घेऊन ती उठली आणि पांढरी रेघ ओलांडून चालू लागली. गाड्यांवरचं हसू थांबलं. पोरांनी आपसूक वाट दिली. ती टॅनरसमोर जाऊन उभी राहिली.

कोचने पुढचा नंबर पुकारला. तो पोरगा दोन पावलं धावला आणि बाईला बघून थांबला.

"मिस नेल्डा, बाहेर व्हा," कोच म्हणाला.

"पुकार ना नंबर. मी आहे इथे."

मग तिने टॅनरच्या हनुवटीला हात लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "बाळा, आज दुपारी काय जेवलास?"

पोराने बराच विचार केला. मग तिच्याकडे पाहून छान हसला.

"आपण जिंकलो का, मिस नेल्डा?"

गाड्यांवर बिया चावायचा आवाज थांबला. कोचने मान खाली घातली, टोपी सारखी केली. नेल्डाला क्षणभर वाटलं, संपलं हे.

"पुढचा," कोच म्हणाला. "आत ये, लवकर."

दुसरा पोरगा येऊन मधे उभा राहिला. गोल पुन्हा जुळला.

नेल्डाने टॅनरला हाताला धरून बाकापर्यंत आणलं आणि ते हेल्मेट उतरवलं. आतला फोम कुजून त्याचा चुरा झाला होता. तो पोराच्या केसांत आणि तिच्या तळव्यावर काळा काळा चिकटला. कपाळाशी पिवळी पडलेली चिकटपट्टी होती, तिच्यावर लव्हेट असं नाव. अक्षर तिचंच होतं. हंगामाच्या पहिल्या दिवशी नावं लिहून चिकटवायचं कामही तिचंच असे.

रॉइस आला. तो चिडलेला असेल असं तिला वाटलं होतं, पण तो फक्त गोंधळलेला होता. तो पोराशेजारी बसला आणि हेल्मेटसाठी हात पुढे केला.

"माझं आहे ते."

"हो, तुझंच आहे," नेल्डा म्हणाली. पण तिने ते दिलं नाही.

त्याने मग मागितलंही नाही. कशासाठी हात पुढे केला होता ते बहुधा विसरला असावा. मावळतीचं ऊन सरळ बाकावर येत होतं. बापाने चष्म्यावर हात आडवा धरला, पोरानेही तसाच धरला. दोघे डोळे मिटून एकाच बाजूला मान वळवून बसले.

मागे शिट्टी वाजली, नंबर पुकारला गेला, धडकेचा आवाज आला. नेल्डाने वळून पाहिलं नाही. हेल्मेट काखेत धरून ती दोन पावलं बाजूला सरकली आणि दोघांच्याही तोंडावर आपली सावली पडेल अशी उभी राहिली.