सातव्या रांगेतला शेजारी

हितेंद्र घाडीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि त्याची भूमिका हेमचंद्रकडे गेली. दोन महिन्यांपुरतीच, असं निर्माती अनुजा म्हणाली होती. पण रिकामी खुर्ची किती दिवस रिकामी राहते, हे चाळीस वर्षं रंगभूमीवर काढलेल्या माणसाला कोणी शिकवायला नको.

परळच्या कामगार नाट्यस्पर्धेत हितेंद्रने सुरुवात केली. मग मालिकांतले वकील, डॉक्टर, नवरीचे बाप. भोईवाड्यातला भाजीवालासुद्धा चेहरा ओळखायचा, नाव मात्र कोणालाच आठवायचं नाही. नाव मिळालं ते या नाटकातल्या चाळकरी बापामुळे. घर सोडून गेलेला मुलगा बारा वर्षांनी दारात उभा राहतो आणि बाप विचारतो, 'जेवलास का?' त्या वाक्याला हितेंद्र हमखास टाळी घ्यायचा.

काठी टेकत, बायको वैशालीला घेऊन तो दादरला प्रयोग बघायला गेला. सातव्या रांगेत, टोपी घालून. हेमचंद्रचं कौतुक करायला आलोय, असं वैशालीला सांगितलं होतं. खरं तर त्याला हेमचंद्र पडलेला बघायचा होता, आणि याची त्याला जराही लाज वाटत नव्हती.

मुलगा दारात आला. हेमचंद्र नुसता बघत राहिला. एक क्षण, दोन, पाच. विसरला! हितेंद्रला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. ते वाक्य त्याचं होतं, सगळ्या थिएटरला कळायला हवं होतं कोणाचं ते.

"जेवलास का?" खणखणीत आवाजात तो बोलून गेला.

माना वळल्या. हेमचंद्र विसरला नव्हता, थांबला होता. त्याने अंधाराकडे पाहिलं आणि मुलाला हळूच म्हणाला, "शेजारीसुद्धा विचारतायत रे. माझ्याच तोंडून फुटत नाही."

थिएटर टाळ्यांनी दणाणलं. शेजारी वैशाली पदराने डोळे पुसत होती. हितेंद्रच्या शंभर प्रयोगांत ती एकदाही रडली नव्हती. त्या पदराकडे बघून त्याचा नुसता जळफळाट झाला.

"अहो, तुम्ही तिथे कधी थांबलाच नाहीत," घरी आल्यावर ती म्हणाली.

सकाळी अनुजाचा फोन आला. आता ही ओरडणार, म्हणून त्याने गुडघ्याची सबब तयार ठेवली होती. ती मात्र हसत होती.

"काका, तो शेजारी ठेवायचाय. रोज सातव्या रांगेतून तेवढंच वाक्य बोलाल का?"

"आणि बाप?"

"हेमचंद्रसर आता बसलेत त्या रोलमध्ये, काका."

त्याला फोन भिंतीवर आपटावासा वाटला. हेमचंद्रला रोज टाळी, आणि ती मिळवून द्यायची आपण! वैशाली पोळ्या लाटायची थांबली होती. या वेळी हितेंद्रही थांबला. एक क्षण, दोन, पाच.

"जाहिरातीत," तो म्हणाला, "माझं नाव त्याच्या आधी लागेल ना?"