एमिलीचा कप्पा

मित्रांनो, मी एक जुने पुस्तकांचे कपाट आहे. वसईजवळच्या माणिकपूरहून रिक्षाने थोडे आत गेले की वाड्या लागतात, त्यातल्याच एका वाडीत, बॅप्टिस्ट सरांच्या घरी मी उभे आहे. आज मी चिडलेले आहे आणि का चिडले ते सांगणार आहे.

परसातला फणस वादळात आडवा झाला, तेव्हा सरांनी त्याचे सरपण होऊ दिले नाही. गावातल्या जॉन सुताराला बोलावून त्यांनी मला घडवून घेतले. पिवळे लाकूड, काचेची दारे, पितळी कडी. सर तेव्हा शाळेत मराठी शिकवत. पगार झाला की एखादे तरी नवे पुस्तक घरी येई. वाळवी लागू नये म्हणून त्यांच्या पत्नी, इझाबेलबाई, माझ्यात कडुनिंबाचा पाला ठेवत. घरी येणारा प्रत्येक जण माझ्याकडे बघून म्हणे, सरांनी केवढे वाचले आहे. मलाही अभिमान वाटायचा.

माझा सगळ्यात खालचा कप्पा त्यांच्या मुलीचा, एमिलीचा. सर मोठ्याने वाचत आणि ती त्यांच्या गुडघ्याला टेकून ऐके. जातीपायी, धर्मापायी ताटातूट झालेल्या माणसांची गोष्ट आली की सरांचा आवाज भरून येई. ते चष्मा काढून डोळे पुसत. केवढ्या मऊ मनाचा माणूस, असे मला वाटे.

एमिली मोठी झाली, नोकरीला लागली. नालासोपाऱ्याच्या जितेशशी लग्न करायचे म्हणाली. जितेश ख्रिस्ती नव्हता, एवढाच त्याचा दोष. सर ओरडले नाहीत. शांतपणे म्हणाले, "जायचं तर जा. पुन्हा या घरात पाऊल टाकायचं नाही."

ती गेली. लग्न झाले, पुढे आर्या नावाची मुलगी झाली. इझाबेलबाई चोरून भेटून येत. सर मात्र माझ्यासमोर खुर्ची टाकून वाचत बसत, आणि तसल्याच गोष्टींवर तसेच डोळे पुसत. मित्रांनो, माझा राग तिथे सुरू झाला. वाटे, आपली काच आपणच फोडून घ्यावी.

गेल्या वर्षी एका वाचक मंडळाने 'बहुश्रुत वाचक' म्हणून सरांचा सत्कार ठरवला. त्याआधी मंडळाला त्यांच्या संग्रहाची सूची हवी होती. सरांची पुतणी प्रिस्का लॅपटॉप घेऊन आली. सर पुस्तकाचे नाव सांगत, ती टाइप करी. प्रत्येक नावापुढे सर एकच शब्द लिहायला लावत : वाचले.

शेवटी खालचा कप्पा आला. पुस्तकांच्या पहिल्या पानावर एमिलीचे नाव होते, समासात पेन्सिलीच्या खुणा होत्या.

"नावाची पानं फाडून टाक," सर म्हणाले. "मंडळाचे लोक येतील बघायला."

प्रिस्काने लॅपटॉप मिटला. "काका, बहुश्रुत म्हणजे काय हो?"

तिने टोमणा मारला नव्हता, खरेच विचारले होते. सर शिकवायच्या सुरात शब्दाची फोड करू लागले. बहु म्हणजे पुष्कळ, श्रुत म्हणजे ऐकलेले.

इझाबेलबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. "पुष्कळ ऐकलंत तुम्ही," त्या म्हणाल्या. "शेजारच्या खोलीत मी रडत होते, तेवढं ऐकलं नाहीत."

त्यांनी भाजीच्या पिशव्या आणल्या, खालचा कप्पा सगळा त्यात भरला, रिक्षा बोलावली आणि लेकीकडे निघून गेल्या. सत्काराच्या दिवशीही परत आल्या नाहीत.

सत्कार झाला. सर शाल घेऊन रिकाम्या घरात आले. एक पुस्तक काढले, मिटले. दुसरे काढले, तेही मिटले. मला त्यांची दया आली नाही.

पुढच्या रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून ते नालासोपाऱ्याला गेले. तिथे काय झाले ते इझाबेलबाईंनी नंतर माझ्यासमोरच प्रिस्काला सांगितले. सर जिना चढले आणि बंद दारापुढे नुसतेच थांबले. शेजारणीने कोण हवे म्हणून विचारले. "माझी मुलगी राहते इथे," ते म्हणाले. आवाज ओळखून एमिलीने दार उघडले. ती रडली नाही, गळ्यात पडली नाही.

"डॅडी, आत येण्याआधी जितेशची माफी मागा."

सरांनी उंबऱ्याबाहेर उभे राहून, शेजाऱ्यांच्या देखत माफी मागितली. जितेशने दारातल्या चपला बाजूला सारल्या आणि त्यांना आत खुर्ची दिली.

आता इझाबेलबाई घरी परतल्या आहेत, आणि एमिली, जितेश, आर्या सगळे इथे येतात. आर्या माझ्या काचेवर बोटे उमटवते. पण ती पहिली पावले टाकत होती, तेव्हा सर कुठे होते? माझ्यासमोर, पुस्तकात डोके घालून. ती वर्षे आता कोण आणून देणार? माझा राग गेलेला नाही.

मित्रांनो, पुस्तकांना कव्हरे घाला, पाने दुमडू नका, असे मी सांगावे अशी तुमची अपेक्षा असेल. तेही करा. पण ज्या माणसाची गोष्ट वाचून तुम्ही रडलात, तसेच माणूस तुमच्या दाराशी आले तर दार उघडा. ते जमणार नसेल तर माझ्यासारख्या कपाटात पुस्तके ठेवू नका. भांडी ठेवा. त्यात निदान कुणाला तरी जेवायला वाढता येते.