तिसरा वाडगा

मिफुयुचा अख्खा प्रबंध भाताच्या एका वाडग्यावर उभा होता. तीस वर्षांपूर्वीचा व्हिडिओ गेम. त्यातली मुलगी घर सोडून समुद्रापार जाते, तरी मागे राहिलेल्या आईबापांच्या मेजावर रोज सकाळी तीन वाडगे दिसतात. त्या तिसऱ्या वाडग्यावर मिफुयुनं साठ पानं लिहिली होती: अनुपस्थितीची भाषा, बापाचा मुका शोक, आणखी काय काय. क्योतोच्या विद्यापीठातले तिचे मार्गदर्शक उशिजिमा सर सहसा कुणाला चांगलं म्हणत नसत. त्यांनीसुद्धा मान डोलावली होती.

मग तिच्या प्रश्नाला उत्तर म्हणून तो गेम बनवणाऱ्या तोकुनागांचं पत्र आलं. दोनच ओळी. 'तो वाडगा माझी चूक आहे. मुलगी गेल्यावर पुसायला विसरलो.'

"मग बिघडलं काय?" सर म्हणाले. "कृती हातातून सुटली की कर्त्याचा शब्द म्हणजे आणखी एक मत. पत्र तळटीपेत टाक नि पुढे चल."

सरांना काय जातंय म्हणायला! ती तळटीप वाचून परीक्षक हसणार, हे मिफुयुला आत्ताच दिसत होतं. पत्र दडवावं, तर आरशात बघायची सोय नाही. शेवटी पत्र छापायची परवानगी मागायला म्हणून ती रविवारी ओत्सुला तोकुनागांच्या घरी गेली. खरं तर त्यांनी शब्द फिरवावा, एवढीच तिची आशा होती.

तोकुनागा सत्तरी ओलांडलेले, हाडकुळे. त्यांच्या बायकोनं, साएकोंनी, जवाचा चहा आणून ठेवला आणि त्या बाजूला संत्री सोलत बसल्या.

"छापा की," तोकुनागा म्हणाले. "चूक ती चूक. डिसेंबरात गेम दुकानात जायचा होता, आम्ही ऑफिसातच झोपत होतो. तुम्ही शिकलेली माणसं दगडातूनही अर्थ पिळून काढाल!"

मिफुयुचे कान तापले. "पण रोज सकाळी दिसतो तो. तपासताना कुणाच्याच लक्षात आला नाही?"

"तपासायचं काम हिच्याकडे होतं. चार माणसांची कंपनी, बायको फुकटात मिळते." ते हसले. "रोज संध्याकाळी चुकांची यादी हातात द्यायची. दार उघडत नाही, कोंबडी पाण्यावर चालते... दोनशे बारा चुका काढल्या हिनं. हा एकच सुटला."

"सुटला नाही," साएको म्हणाल्या.

"म्हणजे?"

"पहिल्याच दिवशी पाहिला होता. यादीत लिहिला नाही." मग त्या मिफुयुकडे वळल्या. "त्या वर्षी आमची मुलगी गेली, पोरी. नऊ वर्षांची होती. एकोणपन्नासाव्या दिवसाचे विधी झाले आणि यांनी तिचा वाडगा, जेवायच्या काठ्या, सगळं खोक्यात भरून माळ्यावर टाकलं. घरात तिचं नावसुद्धा काढायचं नाही म्हणाले. मेजावरचे ते दोनच वाडगे मला बघवत नव्हते गं. मग पडद्यावर हा दिसला. तपासायचंच काम होतं माझं, तीच सकाळ पुन्हा पुन्हा खेळायचे."

साठ पानांत मिफुयुनं बापाचं मौन वाचलं होतं. यादी करणाऱ्या बाईला तिच्या प्रबंधात जागाच नव्हती.

"मला सांगायचंस तरी," तोकुनागा पुटपुटले.

"सांगितलं असतं तर तुम्ही पुसला असता."

ते खरं होतं, हे तोकुनागांनाही माहीत होतं.

"काकू, हे मी लिहिलं तर चालेल?" मिफुयुनं भीत भीत विचारलं.

साएको नवऱ्याकडे बघत राहिल्या. तोकुनागांनी चष्मा काढला, डोळे पुसले, पुन्हा लावला.

"लिहा," ते म्हणाले. "मियो. मियो नाव होतं तिचं."